सेंद्रिय डुकराचें मांस म्हणजे काय?

युरोपांतील दुकानांत डुकराच्या मांसाचे दोन तुकडे शेजारीं शेजारीं मांडलेले असतात. दिसण्यांत दोन्ही सारखे. परंतु ज्यावर ‘सेंद्रिय’ अशी मोहोर असते तो बराच महाग. ही जास्त किंमत कशाबद्दल, हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

खरा भेद जनावराच्या बाळपणापासून सुरू होतो. युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणें साध्या पद्धतींत पिलाचें दूध २८ दिवसांनीं तोडतां येतें. कांहीं अटी पाळल्यास २१ दिवसांनींही. सेंद्रिय पद्धतींत मात्र पिलूं निदान ४० दिवस दुधावर, आणि तेंही शक्यतो आईच्याच, ठेवावें लागतें. दूध फार लवकर तुटलें म्हणजे कोवळ्या आंतड्यांस धान्य नीट पचत नाहीं व हगवण लागते. मग औषध आलेंच. जीं प्रतिजैविक औषधें माणसांचेही प्राण वांचवितात, त्यांचा असा वारंवार उपयोग झाला म्हणजे जंतु त्यांस दाद देईनासे होतात. केवळ वजन वाढविण्यासाठीं हीं औषधें खाद्यांत घालण्यास त्या देशांत २००६ पासून सर्वांसच बंदी आहे. सेंद्रिय नियम याहून कडक आहेत. आजारी जनावरास औषध द्यावेंच. परंतु वर्षाच्या आंत कापल्या जाणाऱ्या डुकरावर असा उपचार एकाहून अधिक वेळां करावा लागल्यास त्याचें मांस सेंद्रिय म्हणून विकतां येत नाहीं.

जागेचेंही तसेंच. १०० किलो वजनाच्या डुकरास साध्या पद्धतींत ०.६५ चौरस मीटर जागा पुरे समजतात. सेंद्रिय पद्धतींत आंत १.३ व बाहेर उघड्यावर १ चौरस मीटर द्यावी लागते. खाद्यही सेंद्रिय शेतींत पिकलेलें लागतें. या सर्वांमुळें खर्च वाढतो.

तथापि ‘सेंद्रिय’ म्हणजे जंतुरहित नव्हे. बाहेर मातींत फिरणाऱ्या डुकरास कृमींची बाधा अधिक होऊं शकते. म्हणून वसईकडे असो वा युरोपांत, मांस कोणतेंही असलें तरी तें आंतपर्यंत शिजवावें. तसेंच मोहोर पाहून चव ताडूं नये. ती मोहोर मुख्यत्वें एवढेंच सांगते कीं, जें जनावर आपल्या ताटांत आलें त्यास बाळपणीं अधिक दिवस दूध, हालचालीस जागा व मोकळी हवा मिळाली होती. आमच्या मतें ही गोष्ट लहान नव्हे. मात्र तिचें मोल देणें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर अवलंबून आहे.