व्हिसा, पदवी, परवाना, नोकरी : परदेशातील पहिल्या व्यावसायिक कामाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील, पुणे–मिरज लोहमार्गावरचे नगरपालिकेचे गाव असून येथील तरुण-तरुणी अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि नर्सिंगच्या शिक्षणासाठी सातारा, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), सांगली या शहरांकडे वळतात आणि त्यांतील काही जण पुढे कॅनडा, जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेची वाट धरतात. कामासाठी परमुलूख गाठणे सातारा-सांगलीच्या पट्ट्याला नवे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणारे कारागीर, अनेक दशकांपासून भारतभरच्या सराफ पेठांत स्थिरावलेले आहेत. त्या धंद्यात नवख्याला ठेवून घ्यायचे की नाही, हे दुकानाचा मालक एकटा ठरवी, आणि तो बहुधा भावकीतला किंवा गावचाच असे. परदेशात पदवीच्या आधारे काम मिळवताना मात्र हाच निर्णय चार ठिकाणी विभागलेला असतो.

त्या देशात राहण्याची आणि काम करण्याची मुभा तेथील सरकार देते. भारतीय पदवी तेथील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे हे मूल्यांकन संस्था ठरवते. औषधनिर्माता, परिचारिका, डॉक्टर यांसारख्या व्यवसायांत प्रत्यक्ष काम करण्याचा परवाना त्या व्यवसायाची नियामक परिषद देते. आणि नोकरी मालक देतो. यांपैकी एकाचा होकार दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. प्रचलित गैरसमजांपैकी बहुतेक या चार निर्णयांची सरमिसळ केल्यामुळे निर्माण झालेले दिसतात.

गैरसमज १ : कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळाली, म्हणजे आपल्या क्षेत्रातील नोकरीही मिळणारच.

वस्तुस्थिती : कॅनडाने जानेवारी २०१५ पासून लागू केलेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या पद्धतीत उमेदवाराचे वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांना गुण देऊन क्रम लावला जातो व वरच्या क्रमांकांना कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण मिळते. हातात नोकरीचा प्रस्ताव असल्यास पूर्वी जादा गुण मिळत; ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. त्यामुळे या मार्गाने निवड होणे आणि एखाद्या कॅनेडियन मालकाने निवड करणे या गोष्टी बहुतांशी स्वतंत्र आहेत. जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेला ‘चान्सेनकार्टे’ हा व्हिसा तर मुळातच नोकरी शोधण्यासाठी आहे: मायदेशात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण, भाषेची ठरावीक पातळी आणि स्वतःच्या निर्वाहाइतके पैसे असणाऱ्यास साधारण एक वर्ष तेथे राहून काम शोधता येते व त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते.

हाच गैरसमज जोडीदाराच्या बाबतीत अधिक महागात पडतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पतीला किंवा पत्नीला मिळणाऱ्या एच-४ व्हिसात काम करण्याची मुभा अंतर्भूत नसते. २०१५ मध्ये झालेल्या नियमानुसार ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या, प्रक्रियेत मुख्य व्हिसाधारकाने ठरावीक टप्पा गाठल्यावरच जोडीदाराला तशा परवानगीसाठी अर्ज करता येतो. याउलट जर्मनीत ‘ब्लू कार्ड’ या उच्चशिक्षितांसाठीच्या निवास-परवानगीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला नोकरीची मोकळीक असते. दोघेही उच्चशिक्षित असलेल्या कुटुंबाने देश निवडताना पगाराच्या आकड्याइतकेच या फरकाकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

गैरसमज २ : विद्यापीठाची पदवी खरी असेल, तर ती जगभर चालते.

वस्तुस्थिती : पदवी खरी असणे आणि ती समकक्ष ठरणे यांत बरेच अंतर आहे. याचे बोलके उदाहरण औषधनिर्माणशास्त्राचे आहे. महाराष्ट्रात दोन वर्षांचा डी. फार्म. अभ्यासक्रम व नोंदणीच्या इतर अटी पूर्ण करणारा उमेदवार १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये नोंदणी करून स्वतःचे औषध दुकान चालवू शकतो, पण कॅनडाच्या फार्मसी परीक्षा मंडळाकडे अर्ज करण्यास किमान चार वर्षांची पदवी लागते. परिणामी आपल्या गावात पूर्ण पात्र असलेला औषधनिर्माता तेथे पहिल्याच पायरीवर अपात्र ठरतो, तर बी. फार्म. झालेल्याला कागदपत्रांची छाननी, मूल्यमापन परीक्षा, लेखी व प्रात्यक्षिक अशी अर्हता परीक्षा आणि त्यानंतर ज्या प्रांतात काम करायचे तेथील परवाना, अशा क्रमाने जावे लागते.

अभियांत्रिकीच्या बाबतीत ‘वॉशिंग्टन करार’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा आधार अनेकदा सांगितला जातो. या कराराचे सदस्य देश एकमेकांकडील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची मान्यता तुल्यबळ मानतात आणि भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, हे खरे आहे. परंतु राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने (एनबीए) त्या कराराच्या निकषांवर मान्य केलेल्या अभ्यासक्रमांपुरताच आणि मान्यतेच्या कालावधीपुरताच त्याचा लाभ मिळतो. महाविद्यालय नामांकित असले तरी आपली शाखा व आपले उत्तीर्ण होण्याचे वर्ष त्या कालावधीत बसते का, हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहावे लागते.

समकक्षतेच्या प्रक्रियेत पदवीइतकाच कागदांचाही प्रश्न असतो. मूल्यांकन संस्थेला बहुधा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांतील विषय व गुण यांचा एकत्रित अधिकृत उतारा, थेट विद्यापीठाकडून हवा असतो आणि तो कोणत्या संस्थेकडून घ्यायचा हे अभ्यासक्रमावर व वर्षावर अवलंबून असते. सातारा-सांगलीच्या अनेक पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आहेत. २०१७ नंतरच्या अभियांत्रिकीच्या काही पदव्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आहेत. वैद्यकीय व बी.एस्सी. नर्सिंगच्या अनेक पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या पदविका तंत्रशिक्षण मंडळाच्या आहेत. शिवाय महाराष्ट्रातील गुणपत्रिकेत बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असा क्रम असतो, पारपत्रात तो बदलतो, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत पदवी व पारपत्र ही जणू दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावे असल्याचे दिसते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद जोडून ही विसंगती गावी असतानाच दूर करणे, ती सातासमुद्रापलीकडून दूर करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

गैरसमज ३ : पदवीचे मूल्यांकन झाले, म्हणजे व्यवसाय करण्याचा अधिकार मिळाला.

वस्तुस्थिती : स्थलांतराच्या अर्जासाठी केलेले शैक्षणिक मूल्यांकन पदवीची पातळी सांगते, परवाना देत नाही. नियमन असलेले व्यवसाय, म्हणजे ज्यांत परवान्याविना काम करणे कायद्याने निषिद्ध असते असे व्यवसाय, आणि नियमन नसलेले व्यवसाय यांतील भेद येथे ओळखावा लागतो. सॉफ्टवेअर, विपणन किंवा विदा-विश्लेषण यांसाठी सहसा परवाना लागत नाही व तेथे मालकाचा निर्णय पुरेसा असतो. परिचर्येत मात्र ब्रिटनची नर्सिंग परिषद इंग्रजीची चाचणी, संगणकावरील परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेते. अमेरिकेत ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. आणि जर्मनीत भारतीय प्रशिक्षणाची तुलना करून कोणत्या बाबी कमी पडतात याचा लेखी निर्णय दिला जातो, ज्यानंतर उमेदवाराला ज्ञानपरीक्षा किंवा रुग्णालयातील पूरक प्रशिक्षण यांपैकी एक पर्याय घ्यावा लागतो. असा निर्णय हातात पडला की अनेकांना अर्ज फेटाळला गेला असे वाटते, वस्तुतः तो मान्यतेच्या प्रक्रियेतील नेहमीचा टप्पा आहे.

स्थापत्य किंवा यांत्रिकी अभियंत्याची स्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली परवान्याविना काम करता येते, पण स्वतःच्या जबाबदारीवर आराखड्यांवर सही करता येत नाही किंवा ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ ही उपाधी लावता येत नाही. म्हणून तेथे परवान्याची वाट पाहत घरी बसण्यापेक्षा देखरेखीखालील पदावर रुजू होऊन परवान्याची तयारी करणे हा रुळलेला मार्ग आहे.

गैरसमज ४ : स्थानिक अनुभवाविना कोणी उभे करत नाही, म्हणून आधी मिळेल ते काम धरावे, तोही अनुभवच.

वस्तुस्थिती : या समजुतीचा पूर्वार्ध एके काळी बराच खरा होता आणि म्हणूनच तो कायद्याने मोडण्याचे प्रयत्न झाले. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट भेदभावकारक असल्याची भूमिका जाहीर केली; त्या प्रांताच्या अभियंता परिषदेने मे २०२३ मध्ये परवान्यासाठीची ही अट काढून टाकली, मात्र ४८ महिन्यांच्या अभियांत्रिकी अनुभवाची अट कायम ठेवली; आणि १ जानेवारी २०२६ पासून तेथील २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालण्यास मनाई झाली. जाहिरातीतून अट गेली म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती गेली असे नव्हे. परंतु भारतातील अनुभव सांगताना तेथील मालकाला अपरिचित असलेल्या कंपनीच्या नावापेक्षा प्रकल्पाचा आकार, वापरलेली मानके, हाताखालची माणसे आणि साधलेला परिणाम यांवर भर दिल्यास त्या अनुभवाचे मोल त्याला कळू शकते.

समजुतीचा उत्तरार्ध अधिक घातक आहे. गोदामातील किंवा दुकानातील तात्पुरते काम घरभाडे भागवते आणि त्यात कमीपणा काहीच नाही, मात्र कॅनडाच्या अनुभवाधारित वर्गात कायमस्वरूपी वास्तव्यासाठी मोजला जाणारा एक वर्षाचा अनुभव सरकारच्या वर्गीकरणातील कुशल व्यवसायांतलाच लागतो. नोकरीचा अर्ज लिहिण्याच्या पद्धतीतही अशीच गफलत होते. भारतीय बायोडाटातील जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव व छायाचित्र हे तपशील अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमध्ये दिले जात नाहीत, तर जर्मनीत छायाचित्राची सक्ती नसली तरी प्रथा टिकून आहे आणि अर्जासोबत प्रमाणपत्रे जोडण्याची अपेक्षा असते.

गैरसमज ५ : इंग्रजी उत्तम असले की भाषेचा प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : युरोपात भाषेचे ज्ञान ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांनी मोजतात. जर्मनीत परिचारिकेच्या परवान्यासाठी साधारणपणे बी-२, म्हणजे रुग्णाशी व डॉक्टरांशी अडखळल्याविना बोलता येईल आणि नोंदी लिहिता येतील इतकी जर्मन लागते. सॉफ्टवेअरच्या काही पदांवर इंग्रजीवर भागते, पण अन्य क्षेत्रांत भाषेचा अभाव हेच अनेकदा नोकरी न मिळण्याचे कारण असते. इंग्रजीभाषक देशांतही ब्रिटनची नर्सिंग परिषद आयईएल्टीएस परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण मागते, जे इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही विनातयारी सहसा साधत नाहीत.

गैरसमज ६ : सरकारी करार किंवा एजंट नोकरीची हमी देतो.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला, दहा हजार जणांचे उद्दिष्ट जाहीर झाले व जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची योजना आखली गेली. अशा करारामुळे प्रशिक्षणाची आणि मालकांपर्यंत पोहोचण्याची वाट सुकर होते. परवाना, व्हिसा आणि मालकाची निवड हे निर्णय मात्र प्रत्येक उमेदवाराबाबत वेगळेच घेतले जातात. एजंटांबाबत १९८३ चा उत्प्रवासन कायदा स्पष्ट आहे: परदेशी मालकासाठी भरती करणाऱ्याने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळता येते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही. लाखांत रक्कम मागून ‘पक्की नोकरी’ कबूल करणारा माणूस या मर्यादेच्या बाहेरच उभा असतो.

गैरसमज ७ : ओळखीने काम मिळवणे म्हणजे वशिला.

वस्तुस्थिती : अनेक पाश्चात्त्य कंपन्यांत कर्मचाऱ्यांनी योग्य उमेदवार सुचवावा अशी अधिकृत व्यवस्था असते, आणि त्या शिफारशीने मुलाखतीपर्यंत पोहोचता येते, निवड मात्र गुणवत्तेवर होते. ओळखीचे खरे मोल माहितीत आहे: कोणती परीक्षा आधी द्यावी, कोणत्या प्रांतात मागणी आहे, अर्ज कोठे अडकतो, हे आधी त्या वाटेने गेलेलाच सांगू शकतो. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ किंवा १९८१ पासून उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ अशा ओळखी जुळवून देतात. मात्र मराठी वर्तुळापुरत्या सीमित राहिलेल्या ओळखी तोकड्या पडतात, कारण नियामक परिषदा आणि व्यवसायसंघ यांच्यातील ओळखी स्वतःच्या व्यवसायातूनच जोडाव्या लागतात. गलाईच्या दुकानात ओळखच काम देई. परवान्याच्या व्यवसायात ओळख फक्त पुढची पायरी दाखवते.

या सर्व विवेचनातून कामांचा एक क्रम हाती लागतो, जो प्रचलित क्रमाच्या जवळजवळ उलट आहे. बहुतेक कुटुंबे प्रथम व्हिसाचा, मग नोकरीचा आणि सर्वांत शेवटी परवान्याचा विचार करतात, वास्तविक सर्वाधिक वेळ परवान्याला लागतो आणि त्याचा मोठा भाग मायदेशातून पूर्ण करता येतो. ब्रिटनची संगणकावरील नर्सिंग परीक्षा व ‘एनक्लेक्स’ भारतातच देता येतात, जर्मनच्या परीक्षा पुण्याच्या माक्स म्युलर भवनात होतात, आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी रहिमतपूरहून कोल्हापूर गाठणे एका दिवसाचे काम आहे. आधी आपल्या व्यवसायाला तेथे परवाना लागतो का हे पाहावे, मग पदवी त्या परवान्यास पुरते का हे तपासावे, त्यानुसार भाषा व परीक्षा पूर्ण कराव्यात आणि त्यानंतरच व्हिसाचा मार्ग निवडावा. या क्रमाने गेल्यास एखादी पदवी तेथे अपुरी पडते हे कळण्यासाठी घरदार सोडून जाण्याची वेळ येत नाही.