संशोधन सल्ला देते, निर्णय नाही

संशोधनाच्या आधारे कायदा करणे म्हणजे निर्णय तज्ज्ञांवर सोपवणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पुराव्याधिष्ठित धोरण (उपलब्ध अभ्यास तपासून ठरवलेले धोरण) म्हणजे कोणत्या उपायाचा काय परिणाम होतो हे आधी जाणून घेणे. रक्ततपासणीचा अहवाल साखर किती ते सांगतो. उपचार डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. तसेच हे आहे.

एक उदाहरण पाहू. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींमधील एक तृतीयांश सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायती अभ्यासल्या. तिथे राखीव जागांची निवड यादृच्छिक (कोणतीही पसंती न लावता केलेली) होती, म्हणून तुलना विश्वासार्ह ठरली. २००४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: राखीव पंचायतींनी दोन्हीकडे पिण्याच्या पाण्याची कामे अधिक केली, रस्त्यांची कामे मात्र बंगालमध्ये वाढली, राजस्थानात घटली. त्या त्या ठिकाणच्या स्त्रियांच्या मागण्याच वेगळ्या होत्या.

आरक्षण किती असावे, हे या अभ्यासाने ठरवले नाही. तो अधिकार आणि ती जबाबदारी लोकप्रतिनिधींचीच. मात्र कोणताही अहवाल हाती आला की त्यांनी विचारावे: हा अभ्यास कुठे झाला, कोणाचा झाला आणि तुलना कशाशी केली?