दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांचा आहार

डुकरिणीच्या दुधावर वाढणारे पिलू एके दिवशी तिच्यापासून वेगळे करण्यात येते व त्याच्यापुढे कोरडे पीठ येते. मोठ्या वराहपालन केंद्रांत हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडते, तर लहान पाळणाऱ्यांकडे बहुधा आठव्या. या पालटाने पिलू अन्न टाकते, त्याला हगवण लागते; कित्येक पिले याच सुमारास दगावतात. आहारात प्रथिने पुरेशी असूनही असे का व्हावे?

दूधपित्या पिलाच्या जठरात आम्ल थोडे असते. दुधातील साखर पचविणारा पाचकरस त्याच्यापाशी मुबलक असतो. परंतु धान्यातील पिष्ट आणि वनस्पतींतील प्रथिने फोडणारे रस पुढे काही आठवड्यांत हळूहळू वाढतात. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात उतरते. त्यावर जंतू पोसतात आणि हगवण सुरू होते.

झाशी येथे १९६२ साली गवत व चारा यांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. गाय आपल्या पोटातील जंतूंच्या साहाय्याने गवतापासून प्रथिने मिळविते. डुकराचे जठर एकच असते व ते रवंथ करीत नाही. त्यामुळे पिलाला चाऱ्याचा तसा उपयोग नाही. त्याच्यासाठी बुंदेलखंडातील भुईमूग, तीळ व वाटाणा यांचाच विचार करावा लागतो.

येथे पोत्यावरील प्रथिनांचा आकडा फसवा ठरतो. भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिन असते, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत सुमारे ३५. मात्र पिलांच्या वाढीस प्रथम उणे पडते ते लायसीन हे ॲमिनो आम्ल. दुधाच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते ७ ते ८ ग्रॅम असते, सोयाबीनच्या प्रथिनात सुमारे ६, तर भुईमुगाच्या प्रथिनात साडेतीनच्या आसपास. तिळाच्या पेंडीत मिथिओनीन चांगले, लायसीन कमी. वाटाण्यात नेमके उलट. म्हणून ही दोन एकमेकांची उणीव काही अंशी भरून काढतात. मासळीची भुकटी लायसीनने समृद्ध असते. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या झाशीत ती महाग, आणि तीत वाळू वा मिठाची भेसळ होण्याचे भय असतेच.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला रोखणारे द्रव्य असते. ते भाजल्याने नष्ट होते. फाजील भाजल्यास मात्र लायसीनच निकामी होते. भाजलेल्या सोयाबीननेही कोवळ्या आतड्याला प्रारंभी त्रास होतो. म्हणून ते थोडे देऊन हळूहळू वाढवावे लागते.

तुलना खरी ठरावी यासाठी एकाच वेतातील पिले वजनानुसार निरनिराळ्या गटांत वाटतात. सर्व आहारांत प्रथिन व ऊर्जा सारखी राखून दर आठवड्यास वजन, खाल्लेले अन्न व हगवण यांची नोंद ठेवतात. दुधाच्या भुकटीऐवजी तेवढीच पेंड घातली, तर प्रथिनाच्या प्रतीऐवजी परिमाणाचीच तुलना होते. वरून लायसीन मिसळल्यास भुईमुगाची उणीव घटते, पण पचनाचा प्रश्न उरतो.

दुधाची भुकटी पहिल्या एकदोन आठवड्यांपुरतीच परवडते. नंतर पेंडीचा वाटा वाढविता येतो. पेंडीत आणखी एक धोका आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघाले बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, डुकराच्या पिलांनाही बाधते. ते डोळ्यांना दिसत नाही व नाकाला कळत नाही. त्यामुळे खबरदारी शेतातच घ्यावी लागते : पावसाळ्याअखेर काढलेल्या शेंगा खडखडीत वाळवून मगच साठवाव्यात.