नजर पडते, पण पोचत नाही

हेल्मेटच्या फटीत मोबाइल खुपसून बोलत जाणारा दुचाकीस्वार आपल्याकडे कुठल्याही सिग्नलला भेटतो. हात मोकळे, नजर समोर. मग बिघडलं कुठे? चारचाकीवाल्याचाही सवाल तोच, फक्त हेल्मेटऐवजी ब्लूटूथ. आपला कायदाही बोट ठेवतो ते हातात धरलेल्या फोनवर.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी माणसांना सिम्युलेटरवर बसवून हँड्सफ्रीवर गप्पा मारायला लावल्या आणि त्यांचे डोळे कुठे वळतात ते टिपलं. २००३ साली निष्कर्ष छापून आले. रस्त्याकडेच्या फलकांवर नजर नीट पडत होती. नंतर तेच फलक पुढे ठेवले, तर गप्पा मारणाऱ्यांना त्यातले खूपच कमी ओळखता आले. डोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पण मेंदूचं लक्ष गुंतलं होतं शब्द शोधण्यात, पलीकडच्याचा सूर जोखण्यात, त्याच्या घरातला प्रसंग डोळ्यांपुढे आणण्यात. मेंदू अशी दोन कामं जोडीनं करत नाही, तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. आणि ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

२००६ साली याच चमूनं ४० जणांना एकदा फोनवर बोलत आणि एकदा व्होडका पाजून सिम्युलेटर चालवायला दिला. दारू रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्याकडे मर्यादा ३० ची आहे. तिघांनी पुढची गाडी ठोकली. तिन्ही वेळा ते फोनवर होते, प्यायलेले नव्हते. (म्हणून पिऊन चालवावी, असं अर्थातच कुणी म्हटलेलं नाही.)

मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही बंद करायचं का? तेही तपासून झालंय. ठरलेल्या फाट्यावर वळायला सांगितलं, तर फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे सरळ पुढे गेले. सोबतीशी बोलणारे बहुतेक जण बरोबर वळले. सोबत्यालाही रस्ता दिसत असतो. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा आला, की सासूबाईंची अर्धी गोष्ट तिथेच सोडून बायको म्हणते, "अहो, ट्रक!" फोनवरच्या माणसाला घाट दिसत नाही. आपण गप्प झालो, की तो आवाज चढवून विचारतो, "हॅलो, ऐकतोयस ना?"