पितळेचा पत्रा आणि जकात

पिंवळा चकचकीत पत्रा पाहिला कीं आपण त्याला पितळ म्हणतों. जकातखात्याचें एवढ्यानें भागत नाहीं. १९८८ सालापासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारींत तांब्याचा व त्याच्या मिश्रधातूंचा पत्रा ७४०९ या क्रमांकाखालीं येतो. जाडी मात्र ०.१५ मिलिमीटरहून अधिक हवी. नाहींतर तो वर्ख, क्रमांक ७४१०.

खरी मेख रासायनिक पृथक्करणांत आहे. पितळ ठरण्यास तांब्याखालोखाल जस्त हवें. निकेल ५ टक्क्यांहून व कथील ३ टक्क्यांहून कमी हवें. निकेल ५ टक्के भरलें कीं तोच पत्रा जर्मन सिल्व्हरच्या पोटवर्गांत जातो. (त्यांत चांदी औषधालाही नसते!) हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, आणि वर्ग चुकला तर माल गोदींत अडकून पडतो. यास्तव जहाज सुटण्यापूर्वींच कारखानदाराकडून घटकांचा दाखला मागवावा. पत्रा गुंडाळीचा कीं सुटा, हेंही त्यांत लिहवून घ्यावें.