डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने

बिल चुकते होते, फाईल हातात पडते आणि रुग्णाला घेऊन टॅक्सीत बसताना घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. बायपोलर आजाराच्या बाबतीत हा नि:श्वास जरा घाईचाच ठरतो. रुग्णाला पुन्हा दाखल करावे लागण्याचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वाधिक असतो. आत्महत्येचा धोकाही याच काळात वाढलेला असतो.

बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांमध्ये हेलकावे घेणारा आजार. उन्मादात झोपेची गरज वाटत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. नैराश्यात अंथरुणातून उठणेही जड जाते. रुग्णालयातील उपचारांनी लाट ओसरते, परंतु लाट ओसरली म्हणजे आजार गेला असे नव्हे.

पुन्हा दाखल होण्याची कारणे शोधू लागले की सर्वांत आधी समोर येते ते औषध बंद करणे. त्याला केवळ निष्काळजीपणा म्हणून चालणार नाही. 'आता बरे वाटते, मग गोळ्या कशाला?' हा प्रश्न रुग्णाइतकाच नातेवाईकही विचारतात. काहींना सौम्य उन्मादातील तो उत्साह, ती तरतरी हवीहवीशी वाटते आणि औषधांनी आपण मंद झालो असे वाटू लागते. वाढलेले वजन, हातांचा कंप, सतत लागणारी तहान हे त्रासही खरे आहेत. शिवाय आपल्याकडे आणखी एक कारण असते, ते केसपेपरवर सहसा येत नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की गोळ्यांचा डबा कपाटात मागे जातो आणि मग विस्मरणात जातो.

लिथियमच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला. आजही ते या आजारावरचे एक प्रमुख औषध आहे. ते एकाएकी थांबवल्यास पहिल्या काही महिन्यांतच उन्माद उसळण्याची शक्यता, हळूहळू कमी करत नेण्याच्या तुलनेत, बरीच अधिक असते. औषध सोसत नसेल तर मात्रा बदलणे वा दुसरे औषध देणे शक्य असते, पण तो निर्णय डॉक्टरांसमवेत व्हायला हवा. लिथियम घेणाऱ्यांनी रक्तातील त्याची पातळी, थायरॉइड व मूत्रपिंडाचे कार्य वेळोवेळी तपासून घेणेही आवश्यक असते.

दुसरे कारण झोपेचे. अपुरी झोप हे उन्मादाचे लक्षण आहे आणि निमित्तही! रात्रपाळी, परीक्षेची जागरणे, लग्नघरातील धावपळ, गणपतीतील रात्री, लांबचा विमानप्रवास यांपैकी काहीही ठिणगी ठरू शकते. बाळंतपणानंतरचे दिवसही असेच जोखमीचे. गरोदरपणाचा विचार मनात आला की तेव्हाच डॉक्टरांशी बोलावे. दारू आणि गांजा यांविषयी वेगळे सांगायला नकोच. व्यसन जोडीला असलेल्या रुग्णांना पुन:पुन्हा दाखल करावे लागते.

जितके झटके येऊन गेले असतील तितकी पुढच्या झटक्याची शक्यता वाढते, असे डेन्मार्कमधील रुग्णनोंदींच्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणूनच पहिल्या वा दुसऱ्या वेळीच नीट सावरणे मोलाचे.

घरातील वातावरणाचा वाटाही मोठा आहे. सतत टोचून बोलणे, 'तुझ्यामुळे नाचक्की झाली' हे ऐकवणे, किंवा याउलट, एक पाऊलही एकट्याने टाकू न देणे, अशा घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते. बार्सिलोना येथे १२० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांबरोबरच त्यातील काही रुग्णांना २१ गटबैठकांतून आजाराची माहिती, सुरुवातीची लक्षणे ओळखणे व नियमित दिनक्रम शिकवण्यात आला. दोन वर्षांत या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी राहिले. यात महागडे तंत्रज्ञान काहीच नव्हते. आपल्याकडील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र एवढा वेळच महाग असतो.

तरीही काही गोष्टी मागून घेता येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ९८ नुसार रुग्णाला सोडताना पुढील उपचारांची योजना रुग्णाशी व त्याची काळजी घेणाऱ्यांशी सल्लामसलत करून आखणे अपेक्षित आहे. तेव्हा फाईल घेऊन निघण्यापूर्वी पुढील भेटीची तारीख लिहून घ्यावी. ती शक्यतो आठवडाभरातील असावी. कोणती लक्षणे दिसली की वाट न पाहता यायचे, हेही विचारावे. सलग दोन रात्री झोप न येणे, फोनवर फोन करत सुटणे, अचानक मोठी खरेदी, ही ती लक्षणे. प्रत्येक रुग्णाची थोडी वेगळी आणि घरच्यांनाच आधी कळणारी. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर थेट रुग्णालय गाठावे. अडल्यानडल्या वेळी सल्ल्यासाठी २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.