आमची तरंगती नाव

लाकूड पाण्यावर तरंगते हे कोणाला माहीत नाही? केळीच्या खांबावर तर आपल्यापैकी कितीतरी जण पोहायला शिकले. पण लाकूड तरंगणे वेगळे आणि नाव तरंगणे वेगळे. माझी पहिली नाव गुरांच्या हौदात सोडली आणि ती गपकन उलटी झाली. सगळी मुलं हसली. तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागलो.

खरे म्हणजे सुरुवात त्याच्याही आधीची. माघात मुक्ताबाई-चांगदेवाची यात्रा असते. चांगदेवला तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. हतनूर धरणाचे पाणी तिथवर थोपते, म्हणून पात्र चांगलेच रुंद दिसते. आजीबरोबर नावेत बसलो होतो. मध्यावर आल्यावर देऊळ नीट दिसावे म्हणून मी उठून उभा राहिलो. नाव जराशी हलली असेल नसेल, तर नावाडीबाबा जोरात ओरडले, "खाले बठा, उभा ऱ्हावू नका!" सगळ्यांसमोर ओरडले म्हणून मला भलता राग आला. एवढी मोठी नाव, आणि माझे वजन ते काय! घरी आलो तरी राग गेला नव्हता.

आता नाव कशी केली ते सांगतो. पहिली नाव बाभळीच्या गोल फांदीची होती. बाभूळ वजनदार, त्यामुळे नाव अर्ध्याहून जास्त पाण्यात. खालून गोल, अंगाने अरुंद, आणि मी वर हातभर काडीला झेंडा लावलेला! उलटेल नाही तर काय होईल?

गुरुजी म्हणाले, आधी लाकूड ओळख. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ठोकळा घेतला, तर तेवढ्या जागेत मावणारे पाणी 1 किलो भरते. वाळलेल्या सागाचा तसा ठोकळा साधारण 650 ग्रॅम भरतो. म्हणून तो साडेसहा सेंटिमीटर बुडतो आणि बाकीचा वर राहतो. पांगारा आणि सावर यांची लाकडे तर सागाच्या निम्म्याच्या आसपास. आणि आपल्या खानदेशातला अंजन? त्याचे आतले लाकूड पाण्याहून जड असते, ते दगडासारखे तळाला जाते. "लाकूड आहे म्हणजे तरंगणारच" असे आपण म्हणतो ते खरे नाही. आमच्या हौदात अंजनाचा तुकडा बुडाला तेव्हा माझ्या वडिलांनाही नवल वाटले.

माझे मामा शिरपूरकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांच्या बांधावर पांगाऱ्याची फांदी वादळात मोडून पडली होती. तिचा वाळलेला ठोकळा त्यांनी आणून दिला. 24 सेंटिमीटर लांब, 10 रुंद, 6 उंच. सुतारकाकांनी पटाशीने आतून कोरून दिला, कारण पटाशी निसटली तर हात कापतो. पुढचे टोक मी कानशीने निमुळते केले आणि पॉलिश पेपरने घासले. तळ सपाट आणि बाजू सरळ उभ्या ठेवल्या. दिसायला ओबडधोबड, पण पुढचा हिशोब त्यामुळेच सोपा झाला.

एक चूक सांगून टाकतो. पांगारा पोकळ जातीचा, पाणी पितो. एक रात्र हौदात राहिली तर सकाळी नाव जड लागली. मग घरातले शेंगदाण्याचे तेल चोपडले. ते वाळतच नाही! नुसती चिकट झाली, धूळ बसली, आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. शेवटी जवसाचे तेल लावले. ते उन्हात वाळून कातडीसारखा थर धरते. तीन हात दिले, दर वेळी दोन-तीन दिवस वाळवून.

नाव भरली 230 ग्रॅम. तळाला 70 ग्रॅमची लोखंडी पट्टी स्क्रूने बसवली, म्हणजे 300. पाण्यात सोडली तर सव्वा सेंटिमीटरच्या थोडी वर बुडाली. असे का? नाव जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलते. हे आर्किमिडीज याने बावीसशे वर्षांपूर्वी शोधले. माझी नाव एक सेंटिमीटर खाली गेली की सुमारे 225 ग्रॅम पाणी सारते. म्हणून मी बाजूवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. आता नावेत काय ठेवले ते न बघता, नुसत्या खुणेवरून त्याचे वजन सांगता येते. किराणा दुकानात ताडून पाहिले, दहा-पंधरा ग्रॅमचाच फरक आला.

चार सेंटिमीटरवर लाल रेघ मारली आहे. त्याच्यावर भार नाही. मोठ्या जहाजांनाही अशी रेघ असते. पूर्वी इंग्लंडात मालक लोभाने जहाजे ठासून भरत, ती बुडत आणि खलाशी मरत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्यासाठी भांडून 1876 साली कायदा करून घेतला.

मग मी तो प्रयोग केला. 500 ग्रॅमचे गोटे नावेच्या तळाशी ठेवले. नाव रेघेच्या आत राहिली, बोटाने हलवली तरी पुन्हा सरळ होई. मग तेच गोटे, एकही जास्त नाही, पावडरच्या उभ्या डब्यावर ठेवले. हात काढला मात्र, नाव उलटी! नाव एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी तिला परत सरळ ढकलते. पण भार उंचावर असला तर कलताना तो आणखी बाहेर जातो आणि पाण्याचा जोर पुरा पडत नाही. माझे वजन यात्रेत बसून होते तेवढेच उभे राहूनही होते. फक्त ते वर गेले होते. नावाडीबाबांना हे कोणी पुस्तकातून शिकवले नसेल, पण त्यांना ते ठाऊक होते. आजीला मी हे हौदावर करून दाखवले. ती म्हणाली, "मंग त्या बाबावर कसाले रुसना व्हता?"

जाता जाता आपल्या तापीची एक गोष्ट. ती मुलताईला उगमते, आपल्या जिल्ह्यांतून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे जहाज बांधणारे कारागीर 1736 साली मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांतले 1817 साली पाण्यात उतरवलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे, दोनशे वर्षे उलटून गेली तरी!

माझी नाव सातवीच्या वर्गात खिडकीपाशी परातीत ठेवली आहे. शेजारी गोटे आहेत. पालकांनीही भार ठेवून पाहावा, पण लाल रेघ बघून. आणि डबा ठेवणार असाल तर वह्या आधी बाजूला काढा, पाणी उडते.